भैरवी नसलेली कॅसेट

दादा, काल तुमची कॅसेट परत लावली. पखवाजवाले काका शेणव्याहून आले होते, त्यांनीच लाव म्हटलं. आपला टेप आता नीट चालत नाही, बटण बोटाने दाबून धरावं लागतं, म्हणून कॅसेट संपेपर्यंत मी ओट्याशी उभी. गजर झाला, रूपाचे अभंग झाले, गौळण झाली. मग तुम्ही दोनदा खोकलात आणि म्हणालात, "जरा पाणी दे गो." त्यानंतर खट् असा आवाज, आणि पुढे नुसती फीत फिरत राहते. तुमची भैरवी त्यात नाही. ज्या भैरवीसाठी कॅसेट काढली तीच नाही.

डॉक्टर म्हणाले होते, घशातली गाठ काढायलाच हवी, आवाज राहील असं सांगता येत नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तेव्हा काकाच म्हणाले, "बुवा, म्हशाच्या जत्रेत कोणाकोणाच्या कॅसेटी विकतात, आपली काय वाईट हाय? आपरेशनच्या आधी काढून टाकू." तुम्ही हसलात, "कोण ऐकनार?" मी म्हटलं, मी ऐकेन. भजनी मंडळाची हिशेबाची वही मी मॅट्रिक झाल्यापासून माझ्याकडे, लग्न होऊन मुरबाडला आले तरी माझ्याकडेच. त्यामुळे स्टुडिओ बघायचं कामही माझ्यावर आलं. "माझी पोर शिकलेली हाय, फसायची नाय," असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

तीन ठिकाणं बघितली. कल्याणचा स्टुडिओ चांगला होता. आत गारवा, भिंतींना गादीसारखं कापड, चपला बाहेर काढायच्या, मला तर देवळात गेल्यासारखं वाटलं. पण तिथे अख्खा दिवसच घ्यावा लागे आणि तेवढ्या पैशांत मंडळाचा नवा पखवाज आला असता. शहापूरला फोटोवाल्याच्या मागे एक खोली होती. तो म्हणाला, पखवाज कशाला आणता ताई, ठेका मशीन देईल. हे काकांना सांगितलं तर ते उसळले, "मंग मी काय करू? मशीनला हार घालू?" राहिला मुरबाडचा. मंडप-स्पीकरवाल्याच्या माडीवरची खोली, चार तासांची पाळी, दर परवडणारा आणि माझ्या घरापासून पाच मिनिटांवर, म्हणजे नऊ माणसांचं जेवण माझ्या घरचं. मी लगेच हो म्हटलं. पण दादा, त्या खोलीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. आवाज घुमू नये म्हणून लावतात म्हणे. मी ते पाहिलं होतं. तुमच्या गळ्यात माझ्या जन्माआधीपासून माळ, ज्या घरात अंडं शिजतं तिथलं पाणी तुम्ही पीत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण मी विचार केला, चादरी टाकून झाकू. त्याला वेळ किती लागेल हे डोक्यातच आलं नाही. मी, काडेपेटी आणली तरी लिहून ठेवणारी.

त्या दिवशी सगळे आठलाच उतरले. परीटघडीच्या टोप्या, टाळ फडक्यात गुंडाळलेले, जणू कुणाच्या लग्नाला आलेत. काका पुढे होऊन आत शिरले आणि दारातच ओरडले, "आयला, बुवा, ह्ये तं खुराडं हाय! कोंबड्या कुठं गेल्या?" सगळे हसले. स्टुडिओवाला कावराबावरा, "कोरे ट्रे हायेत काका, एका पन ट्रेला अंडं लागलेलं नाय." तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून हळूच म्हणालात, "आमी भायेर बसतो, तू सावकाश बघ." मी घरी धावले. होत्या तेवढ्या चादरी, दोन लुगडी, लग्नातला शालूसुद्धा आणला. खिळे ठोकायचे नव्हते, मग मंडपाची दोरी भिंतीभिंतीने बांधून त्यावर सगळं अडकवलं. एक कोपरा झाकला की दुसरा सुटायचा. शेवटी तुम्ही आत आलात, चहूकडे बघितलंत आणि म्हणालात, "आता कसं, आपल्या घरात बसल्यावानी." तोवर पाळीतला पाऊण तास गेला होता. त्यातच स्टुडिओवाला म्हणाला, अकरालाच लाइट जाणार, लोडशेडिंगची वेळ बदललीये, सगळं बसायचं नाही. जे मुख्य आहे ते आधी घ्या.

आधी घेतलं नाही. गजरापासून क्रमाने चाललं, भैरवी नेहमीसारखी शेवटाला. मी भिंतीशी शालूला पाठ लावून बसले होते. खोलीत पंखाही लावता येत नव्हता, तुमच्या मानेवरून घाम ओघळत होता, गाठीच्या बाजूला तुम्ही मधूनच हात लावत होतात. गौळण संपली, तुम्ही पाणी मागितलंत, मी तांब्या घेऊन उठले आणि यंत्रावरचा लाल दिवा विझला.

काकांचा हात पखवाजावर तसाच. तुम्ही पाणी प्यालात, टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "भैरवीशिवाय उठायचं नाय. देव ताटकळंल." आणि पेटी ओढून सुरू केलंत. दादा, दारातून येईल तेवढाच उजेड, बाकी अंधार, आणि त्यात तुम्ही जी भैरवी म्हटलीत तशी मी लहानपणापासून कधी ऐकली नव्हती. आवाज मध्ये एकदा चिरला, तुम्ही तो तसाच वर घेऊन गेलात. स्टुडिओवाला कानांवरचं काढून गळ्यात अडकवून नुसता बसला होता. माझ्या घरी टेप होता, पण त्यात सेल नव्हते, लाइटवर चालतो तर सेल कशाला, म्हणून मी कधी आणलेच नाहीत. मी तिथे बसून आहे, आवाज माझ्या कानांवरून चाललाय, आणि मला काही करता येत नाही. पदराने डोळे पुसत राहिले, एवढंच.

दुसरी तारीख मागितली, तर लग्नसराई, तो मंडपांना बांधलेला. मग चार दिवसांत तुमचा घसा सुजला. मग ऑपरेशन. नंतरची दोन वर्षं तुम्ही पेटीवर भैरवी वाजवायचात आणि काका आपल्या भसाड्या आवाजात म्हणायचे. तुम्ही त्यांच्याकडे असं बघायचात, जणू तेच बुवा.

आता खरं लिहिते. स्टुडिओवाल्याने मुख्य ते आधी घ्या म्हटलं, तेव्हा बाकीचे टाळ जुळवत होते. तुम्ही माझ्याकडे वाकून विचारलंत, "काय गो, घेऊ का भैरवी आधी? देवाला सांगू, अडचन होती." तुम्ही तयार होतात. मीच मान हलवली. "नको दादा, भैरवी झाली की सगळं संपलं," म्हटलं. मला समोर दवाखाना दिसत होता. संपलं हा शब्दच तुमच्या तोंडून नको होता. तुम्ही "बरं" म्हणालात आणि गजर धरलात.

मंडळात सगळे समजून आहेत की बुवा नियमाचे कडक, त्यांनीच ऐकलं नाही. ऑपरेशननंतर एकदा काका तुमच्यासमोरच असं बोलले. मी चहा गाळत होते. वाटलं, आता तुम्ही नाही म्हणून हात हलवाल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हो अशी मान डोलावलीत. माझ्या हातातलं गाळणं तिरकं झालं, चहा बशीत सांडला. मी ती बशी ओतून दुसरा कप भरला.

हे कागद मी मंडळाच्या वहीत ठेवणार आहे, पाठवायला पत्ता कुठे आहे. काकांना तरी वाचून दाखवावं असं फार दिवस मनात होतं. ते थकलेत, ऐकू कमी येतं. काल कॅसेटमध्ये खट् वाजलं तेव्हा माझं बोट बटणावरच होतं, आणि ते मान हलवत म्हणाले, "काय करनार पोरी, बुवा मानूसच कडक." घरात आम्ही दोघंच होतो, सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो काका, कडकच."