वाफेवर उमटलेलं नाव

दादा,

रविवारी सायखेड्याला तुमचं अक्षर दिसलं. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, भांडीबाजारातल्या तुमच्या जागेवर आता दुसराच कोणी भांड्यांवर नावं घालायला छिन्नी घेऊन बसतो. पण अक्षर तुमचंच होतं. नाव पुरं झालं की तुम्ही एक जास्तीचा ठिपका द्यायचात, पुढे कुणी काही जोडू नये म्हणून. तो ठिपका मी लढाईत मिळणाऱ्या एका चांदीच्या बिल्ल्याच्या काठावर पाहिला, आणि बिल्ला होता प्रांतिक निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांच्या कोटावर. ते आमच्या शाळेच्या मंडळावर आहेत. सभेला चला म्हणाले, मी गेलो.

घाटावर, ऐन सकाळी, बाजारचा दिवस साधून सभा होती. गृहस्थ सांगत होते की मेसोपोटेमियात त्यांनी तुर्कांच्या तोफा अंगावर घेतल्या, आणि घराण्यातच तलवार आहे, पणजोबा स्वारांचे नाईक होते. ते बसऱ्याला कोठारावर पोत्यांच्या याद्या करत होते हे निम्म्या नाशकाला ठाऊक आहे. त्यांचे वडील फुटाणे भाजायचे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पुढे बसलेला एक पागोटेवाला म्हातारा ओरडला, "तलवार कसली सांगता, शेट? तुमच्या घरी फुटाण्याचा झारा हुता, आमी पाह्यलाय!" लोक खदखदून हसले. त्याला आणखी जोर चढला. "आन् बिल्ला तरी तुमचाच हाय का? काठावर नाव असतंय म्हनं. वाचू द्या की मास्तरांना!" गृहस्थांनी हसत बिल्ला काढून माझ्या हातात दिला. "वाचा मास्तर. मोठ्यानं वाचा."

इंग्रजी अक्षरांत त्यांचंच नाव होतं. पण हाताला सवय तुमची. मी बिल्ला तोंडाजवळ नेला आणि वाफ सोडली. कॉलेजच्या एका सुट्टीत, मुलगा कामाला हात लावतो याचं तुम्हांला बरं वाटावं म्हणून मी मोडीत आलेल्या एका तांब्यावरचं जुनं नाव घासायला घेतलं होतं, आठवतं? तुम्ही माझ्या हातातून कानस काढून घेतलीत. "भांडं विकलं म्हणून माणूस पुसला जात नाही," म्हणालात. "नवं नाव शेजारी घालायचं. जुन्याला हात लावायचा नाही." मग मी घासलेल्या जागी तुम्ही तोंडातली वाफ सोडलीत, आणि गेलेलं नाव उमटलं. "ठोकलेलं खालपर्यंत जातं. वरचं घासतं, खालचं राहतं." मी तेव्हा दचकलो होतो. तुम्ही हसला नाहीत.

सायखेड्याला तसंच झालं. गृहस्थांच्या नावाखाली दुसरं नाव वर आलं, पाण्याखालून कुणी वर पाहावं तसं. एका श्वासापुरतं थांबलं आणि गेलं. मी बिल्ला परत केला. "नाव यांचंच आहे," मी म्हणालो. टाळ्या झाल्या. ते वाक्य खोटं नव्हतं, हे मी टांग्यात बसून चार वेळा स्वतःला सांगितलं.

पण टांग्यापर्यंत पोचायच्या आधी एक म्हातारी आडवी आली. डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी. मी तिला ओळखलं. "मास्तर, त्येच्यावर नाव कोनाचं हाय?" मी सांगितलं. तिनं पाटी उतरवून खाली ठेवली. "मंग माझ्या पोराचं कुठं गेलं?"

हाच प्रश्न तिनं तुम्हांला विचारला होता, तुमच्या दुकानाच्या पायरीवर. तिचा मुलगा बसऱ्याकडे लढाईत गेला, तो आला नाही, बिल्ला आला. सभेतले हेच गृहस्थ तो घेऊन गेले, पेन्शनीसाठी साहेबाला दाखवतो म्हणून. कुणीतरी तिला सांगितलं की तो बिल्ला आपल्या दुकानात दिसला होता. तुम्ही हात जोडलेत. "बाई, देवाशपथ सांगतो, माणसाचं नाव मी आजवर खोडलेलं नाही. कारखान्याचा छाप होता, तेवढा घासला." ती उठून गेली. मी मागे पुस्तक उघडून बसलो होतो. संध्याकाळी जेवताना तुम्ही मला विचारलंत, "छापच होता ना रे?" मी म्हणालो, "हो, दादा."

शेवटच्या दुखण्यात तुम्ही पाण्याचं फुलपात्र तोंडाशी नेऊन न पिता नुसती वाफ सोडायचात आणि त्याच्याकडे पाहत राहायचात. काय बघता विचारलं तर "काही नाही, उमटतंय का बघतो" म्हणायचात. मी तेव्हा रोजनिशीत लिहिलं की ताप डोक्यात गेला आहे. रविवारपासून मी तेच करतो आहे. तांब्या, परात, घंगाळ, घरातलं एक भांडं सोडलेलं नाही. "अहो, उष्टं कराल सगळं!" म्हणून ही ओरडते. मोडीतून आलेल्या दोन वाट्यांवर कुणाकुणाची नावं वर येतात आणि थांबत नाहीत. काल चष्मा पुसायला काचेवर वाफ सोडली. काचेवर काय असणार? तरी मी ती विरेपर्यंत पाहत राहिलो.

आता वर जे गाळलं ते लिहितो. बिल्ला घासायला आला त्या दिवसाच्या पानावर माझ्या रोजनिशीत "दुकानात गेलो" एवढंच आहे. रोज काय जेवलो तेही लिहिणारा मी. तुम्हांला इंग्रजी येत नव्हतं. तुम्ही काठ माझ्यापुढे धरलात आणि विचारलंत, "काय लिहिलंय रे हे?" मी वाचलं. नंबर, हुद्दा, आणि एका माणसाचं नाव. गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. शाळेतल्या जागेसाठी ते माझ्याबद्दल शब्द टाकणार होते, आणि त्यांनी तो टाकला. मी म्हणालो, "कारखान्याचा छाप आहे, दादा." मग कागदावर त्यांचं नाव इंग्रजीत काढून दिलं आणि तुम्ही ते रेघेला रेघ उतरवलंत. म्हणजे काठावर ठिपका तेवढा तुमचा. अक्षर माझंच आहे. कानस मात्र तुम्ही फार हलकी चालवलीत. तुमच्या हाताला काही कळलं होतं का, हे मला आता कोण सांगणार?

म्हातारी दर बाजारी घाटाच्या पहिल्या पायरीवर बसते. सायखेडा काही लांब नाही. येत्या रविवारी जाऊन तिला सांगायचं, असं ठरवून मी हे लिहायला बसलो. ते जमेल की नाही ते आधी कागदावर पाहू म्हटलं. हे पत्र कुठे जाणार नाही, तुमच्याशिवाय कुणासाठी ते नाहीही. तरीसुद्धा, दादा, तिच्या मुलाचं नाव मला सबंध पाठ आहे, आणि एवढ्या लांब पत्रात मी ते एकदाही लिहिलेलं नाही.