जंगल पाहायचा महिना

बाबा, तुमच्यासाठी निवडलेल्या जंगलात मी शेवटी आले आहे, आणि महिना नोव्हेंबरचा आहे. न्यूनेनच्या माझ्या घरून गाडीने सव्वा तास, वेलुवे नावाच्या डच रानात, एका खोलीची लाकडी कॉटेज. सकाळपासून बारीक पाऊस लागला आहे. बीचच्या झाडांची पानं वाटेवर चिकटून काळी पडली आहेत आणि साडेचारलाच दिवा लावावा लागला. आठ वर्षं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले, यायचं तर ऑगस्टच्या शेवटी या, माळावर हेदर फुलतं, नजर जाईल तिथवर जांभळं. स्वतः मात्र दर ऑगस्टचं बुकिंग करायचे आणि आदल्या आठवड्यात मोडायचे.

ऋतू सांगायचं काम खरं तर तुमचं. मेळघाटातल्या वनविश्रामगृहाचे चौकीदार तुम्ही आणि खानसामाही तुम्हीच. आरक्षण परतवाड्याच्या कचेरीत व्हायचं, पण एकदा येऊन गेलेले लोक पुन्हा कधी यावं ते तुम्हालाच कार्ड टाकून विचारायचे. उत्तरं मी लिहायचे, तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. ‘लिही बाई,’ तव्यावरची भाकर उलटत तुम्ही सांगता, ‘उन्हाळ्यात याल त जनावर दिसन, पान दिसनार नाही. पावसाळ्यात पान दिसन, जनावर दिसनार नाही. हिवाळ्यात दोन्ही थोडं थोडं, पन गोधडी आना.’ मी विचारते, ‘पण त्यातला चांगला कोणता ते लिहू ना?’ तुम्ही म्हणता, ‘ते त्याहीले ठरवू दे. आपन दार उघडं ठेवाचं.’

मी चौथीत असताना एका शुक्रवारी तुम्ही मला धारणीच्या बाजारात नेणार होतात. तुम्ही लाकडं आणायला गेला होतात आणि पावसात भिजलेलं एक जोडपं स्कूटरवरून फाटकाशी आलं. पाहुणे आले की बाजार गेला, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, खोल्या भरल्या आहेत. ती दोघं स्कूटर वळवून गेली. तुम्ही आलात, चिखलातला चाकांचा माग पाहिलात आणि मला विचारलंत. मग सायकल काढून नाक्यापर्यंत त्यांच्या मागे गेलात, त्यांना परत आणलंत, चहा दिलात, पिठलं टाकलंत. मला मारलं नाहीत. भांडी घासताना एवढंच म्हणालात, ‘रिकाम्या खोलीले भरली म्हनाचं नाही. मानूस पावसात परत जाते, अन् आपन आत कोरडे बसतो. बरं नाही ते.’

इथं तुम्ही जानेवारीच्या अखेरीस आलात, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. चौथ्याच दिवशी विचारलंत, ‘इथं जंगल हाये का नाही?’

‘आहे बाबा, पण आत्ता बघण्यासारखं काही नाही. नुसत्या काड्या.’

‘मंग काड्या पाहू. मी का फुलं पाहाले आलो का?’

आमची टीम बनवत असलेल्या मशीनची डिलिव्हरी जवळ आली होती, शनिवार-रविवारही ऑफिसात जात होते. तुम्ही कानटोपी घालून रोज सुपरमार्केटमागच्या झाडीत जायचात आणि वाळक्या काटक्या घेऊन यायचात. सुतळीने त्यांची मोळी बांधून सायकलींच्या शेडमध्ये ठेवलीत. मी चिडले. ‘बाबा, इथं चूल नाही. गेमेंटेचे, म्हणजे नगरपालिकेचे, लोक दंड करतील.’ ‘येऊ दे त्याहीले. चहा पाजू,’ तुम्ही म्हणालात.

फेब्रुवारीत तुम्ही पुन्हा जंगलाचं काढलंत. मी तुमच्यासमोर लॅपटॉप उघडला, याच कॉटेजचं पान काढलं आणि म्हणाले, ‘फुल आहे, बाबा. एप्रिलपर्यंत सगळं फुल. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये या, तोच खरा सीझन.’ तुम्ही पडद्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. ‘मंग इथल्या लोकाहीले काड्या लय आवडतात म्हनाचं,’ म्हणालात आणि नातीला घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहिलात. पुढच्या वर्षी त्या ऑगस्टचं तिकीट मी काढलंही होतं. त्याआधी मे महिन्यातच तुम्ही वारलात.

त्या पानावर रिकामे दिवस हिरवे दिसतात. त्या फेब्रुवारीचा एकूण एक चौकोन हिरवा होता. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, पण सबंध आयुष्य तुम्ही खोल्यांची वही सांभाळलीत. भरलेलं पान आणि रिकामं पान तुम्हाला ओळखू आलं नसेल, असं मी आठ वर्षं स्वतःला समजावते आहे.

आज येताना ती मोळी गाडीत घालून आणली. इथे लोखंडी शेगडी आहे, तुमची सुतळी अजून घट्ट आहे. काड्या खिडकीबाहेरही आहेत, मैलोन् मैल, ओल्या आणि काळ्या, आणि मी दुपारभर त्यांच्याकडे पाहते आहे. बघण्यासारखं काही नाही, असं मला म्हणता येत नाही. हा कागद घडी करून सुतळीत खोचून ठेवणार आहे. मोळी आज पेटवायची की नाही, ठरत नाही.

तुमची नात आता अकरा वर्षांची आहे, माझ्यासोबत इथे आली आहे. मराठी सगळं कळतं, बोलते डचमध्ये. मघाशी मोळीवरून हात फिरवत तिने विचारलं, आजोबा कधी इथे आले होते का? मी म्हणाले, ‘नाही गं. तेव्हा जागाच मिळाली नव्हती.’