तीन थेंब

३ ऑगस्ट

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

वर ‘काकांस’ लिहून खाली तुला ‘तू’ म्हणते आहे. आईला दाखवू नकोस.

खोली चांगली आहे. खिडकीखाली टेबल, टेबलावर ऊन. दुपारी पुस्तक उघडलं की अक्षरं हळूहळू वर तरंगायला लागतात आणि मला झोप येते. गुन्हेगारीशास्त्र शिकताना झोप येते हे कुणाला सांगू नये.

आमचे सर फळ्यावर रकाने आखतात. एकात लिहितात, माणूस फायदा-तोटा बघून गुन्हा करतो. दुसऱ्यात, वस्ती त्याला शिकवते. तिसऱ्यात, ज्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं तो निसटतो. चौथ्यात, लोक चोर म्हणत राहिले की माणूस चोर होतो. पूर्वी डोक्याची कवटी मोजून गुन्हेगार ओळखायचे म्हणे. तो रकाना सर आखतात आणि लगेच पुसतात.

आता मुद्द्याचं. शिक्षा भोगलेल्या एका माणसाची हकीकत लिहायची आणि तिला कोणता सिद्धान्त लागू पडतो ते दाखवायचं. शंभरातले चाळीस गुण त्याचे. बाकीची मुलं परवानगी काढून तुरुंगात जाणार आहेत. तुझ्या अकरा महिन्यांबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. बाबा तर विषय निघाला की चष्मा पुसत बसतात. म्हणून तुलाच विचारते. नाव येणार नाही. नको म्हणालास तर मी रुसणार नाही, फार तर आठवडाभर.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
चौकसबाई


१२ ऑगस्ट

चि. चौकसबाईस,
अ. उ. आ.

कवटी मोजली. टोपीवाल्याकडची फीत आणली होती. साडेबावीस इंच. सरांना कळव.

विचारलंस ते बरं केलंस. तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

मी एकोणतीस वर्षांचा होतो. दुकान हेच, किल्ल्यांचं. गल्लीतली निम्मी कुलपं मी बसवलेली. किल्ली एकदा घासली की तिचे दाते बोटांत राहतात, ते विसरता येत नाहीत. लोक गावाला गेले की दुपारी मला ती बंद घरं आठवायची. एक दिवस गेलो. दार उघडलं, आत गेलो, खुर्चीत बसलो.

आत काय होतं ते सांगणं अवघड आहे. पडद्यातून गाळून आलेला उजेड. पाण्याखाली असावा तसा. टेबलावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं विणकाम. मी तासभर बसायचो आणि कुलूप लावून परत यायचो. अशी सात घरं झाली.

सातवं शाळेच्या बाईंचं. त्या एकट्या राहायच्या, महिनाभर बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांचं आतल्या खोलीचं दार कुरकुरायचं. कुरकुरणारं दार मला ऐकवत नाही, तुला ठाऊक आहे. तुमच्याकडे येतो तेव्हाही खिशात तेलाची कुपी असते. बिजागरीत तीन थेंब टाकले. दार दोनदा हलवून पाहिलं. गप्प झालं.

बाई परत आल्या आणि दार आवाज न करता उघडलं. त्या तडक पोलिसांत गेल्या. हवालदार हसला, पण त्यांनी त्याला ओढून आणलंच. त्यानं दुकानात येऊन सहज विचारलं, की हे काम कुणाचं असेल. तेल इतकं बेतानं घातलं होतं, की खाली एक ओघळ नव्हता. मी म्हणालो, माझं. काम चांगलं झालं होतं. नाकारावंसं वाटलं नाही.

बाकीची सहा घरंही मीच सांगितली. न्यायाधीशांनी कारण विचारलं. तिथे शांत वाटायचं, एवढंच मला सांगता आलं. मागच्या बाकावर लोक हसले.

काय हवं ते लिही. एक वाक्य मात्र जसंच्या तसं घाल: मी कुणाचं काही घेतलं नाही. तीस वर्षं त्याच्याच आधारानं दुकान उघडतो आहे.

अभ्यास कर, दुपारी झोपलीस तरी चालेल.

तुझा,
काका


२ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुला सगळे सिद्धान्त घालून पाहिले. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखे दिसतात. एकाची बाही लांब, एकाचं बटण लागत नाही. फायदा नव्हता, वाईट संगत नव्हती, आणि तुला धरून ठेवणारी तर आपली सगळी फौज होती.

सरांनी मसुदा वाचला. त्यांनी विचारलं, की ज्यांच्या घरी हे घडलं ती माणसं यात कुठे आहेत. म्हणून मी शाळेच्या बाईंकडे जाऊन आले. तुला न विचारता गेले, त्याबद्दल हवं तेवढं रागव.

त्या त्याच घरात आहेत. एक्काहत्तरीच्या. मी कोण ते दारातच सांगितलं. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं आणि बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

काका, कसं लिहू ते कळत नाही. ते दार त्यांना त्रास देत नव्हतं. एकट्या घरात तेवढाच एक आवाज होता. ते कुरकुरलं म्हणजे वारा आला, मांजर आलं, कुणीतरी आलं हे त्यांना कळायचं. तू येऊन गेल्यानंतर त्यांना घरातलं कुठलंच दार खरं वाटेना. वर्षभर त्यांनी बिजागऱ्यांवर मिठाचं पाणी ओतलं, गंज चढेपर्यंत. आता सगळी दारं कुरकुरतात. बाई दारांकडे पाठ करून बसत नाहीत. मी होते तेव्हाही बसल्या नाहीत.

तू काही नेलं नाहीस असं मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “नेलं की. माझ्या दाराचा आवाज नेला.”

तुझं वाक्य माझ्या निबंधात पहिल्याच पानावर आहे. तीस तारखेला द्यायचा आहे. ठेवू का?

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
चौकसबाई


९ सप्टेंबर

चि. चौकसबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही. कुलूप हातात घेऊन बसलो होतो.

मी येऊ का, असं बाईंना विचार. नको म्हणाल्या तर तेही बरोबर आहे. वाक्याचं नंतर कळवतो.

काका


१६ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

विचारलं. त्या खिडकीतली कुंडी फिरवत राहिल्या, मग दुसरी फिरवली. रविवारी चार वाजता ये असं म्हणाल्या. घंटी वाजवायची आणि त्या उघडेपर्यंत थांबायचं. खिसे रिकामे हवेत.

मी येऊ का सोबत?

तुझी,
चौकसबाई


२४ सप्टेंबर

चि. चौकसबाईस,
अ. उ. आ.

एकटाच गेलो. कुपी दुकानात ठेवली. वाटेत दोनदा खिसा चाचपला.

त्या दाराचं कुलूप मीच बसवलेलं. अजून तेच आहे. डोळे मिटून उघडलं असतं. घंटी वाजवली आणि थांबलो. दारं उघडण्यात जन्म गेला, पण कुणी उघडेल म्हणून इतका वेळ कधी उभा राहिलो नव्हतो.

बाईंनी उघडलं. खुर्ची दाखवली, तीच. पडदे बदलले आहेत, उजेड तसाच येतो. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्य झालं आणि पुढची सगळी उडून गेली. चुकलो, एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या असतील किंवा ऐकलं म्हणाल्या असतील, विचारलं नाही.

मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीचं दार सावकाश उघडलं, सावकाश लावलं. पुन्हा एकदा. गंजलेली बिजागरी, लांब, चिरका आवाज. माझी बोटं आपोआप वळली. मी हात मांडीखाली घेऊन बसलो, लहानपणी वर्गात बसायचो तसा. बाई बघत होत्या. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांची पाठ त्या दाराकडे होती. किती वेळ, ते मोजलं नाही. नंतर त्यांनी खुर्ची पुन्हा वळवून घेतली.

निबंधातलं माझं वाक्य खोड. त्या जागी दुसरं सुचवणार नाही. तीन थेंब, एवढं लिही आणि कुठल्या रकान्यात बसतं ते तुझे सर बघतील. गुण कमी पडले तर माझ्या नावानं रड.

निघताना बाईंनी पुढचा रविवार चालेल का असं विचारलं नाही, आणि येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. मी पायरी उतरलो. दार मागे लागलं तेव्हा कुरकुरलं. मी थांबून शेवटपर्यंत ऐकलं.

ख्यालीखुशाली कळवत जा, आणि विचारत जा.

तुझा,
काका