तीन नंबरवरून आलेली ओळ

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

लागत नाही म्हणजे नाही! आमच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये लॅबच्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरला कितीदा हाक मारली, उत्तर एकच — कनेक्शन नाकारलं. सी मधला माझा पहिलाच नेटवर्क प्रोग्राम. रंगाचा फॉर्म्युला लॅबमधून थेट माझ्या पडद्यावर यायला हवा, मग इथून चिठ्ठी छापून, रंग तोलतात त्या वजनखात्यात. शेठ म्हणाले, "शनिवार सुधी!" शनिवारपर्यंत, नाहीतर मुंबईची कंपनी येणार, आणि मी परत चलनं टाईप करायला.

४ फेब्रुवारी

सापडलं!! मी पोर्ट लिहिला ५०००, आणि मशीन कान लावून बसलंय ३४८३५ वर! आमच्या विभागाचे योगराज सर पोट धरून हसले. "नूतन, आकड्याचे दोन बाइट उलटे गेले. एचटॉन्स लाव, बाइट सरळ होतील."

आयपी पत्ता म्हणजे आमच्या डिंडोलीतला प्लॉट नंबर. पण वरचा मजला की खालचा, ते नको सांगायला? नाहीतर पाहुणा भलत्याच दारात! तो मजला म्हणजे पोर्ट.

एक शब्द घातला — आणि लॅबची पहिली ओळ पडद्यावर! टाळ्याच वाजवल्या मी. घरी आई म्हणे, "एकलीच काय हाशी ऱ्हायनी वं?" काय सांगू तिला!

५ फेब्रुवारी

हाक कुठून आली, तो पत्ताही आता छापते. १९२.१६८.१.२ — लॅब. दिवसभर तेच बघत बसले. सुंदर!

६ फेब्रुवारी

राणी कलरची चिठ्ठी वजनखात्यात पाठवली. पाच मिनिटांत पडद्यावर नवा पत्ता — शेवटी ३! तो वजनखात्यातल्या स्टॉकच्या कॉम्प्युटरचा. तिथे मी प्रोग्राम टाकलेलाच नाही! खाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: "लाल १२ ग्रॅम कसा? राणीला १२५ लागेल."

धावत गेले. तिथे रंजनाताई — रंगाची पावडर तोलतात त्या. तोंडाला फडकं, बोटं गुलाबी.

"तुम्ही?"

"टेलनेट केलं. कॉम्प्युटरमध्ये असतंच ते, कुठल्याही पोर्टला हाक मारता येते. पत्ता न् पोर्ट तूच चिकटवलाय ना भिंतीवर."

लॅबला विचारलं. १२५च! ओळ दोन तुकड्यांत आली होती आणि मी पहिला तुकडा वाचून मोकळी. अख्खा लॉट फिका गेला असता! आता ओळ संपेपर्यंत वाचते. झालं दुरुस्त.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेठसमोर चौदा फॉर्म्युले. चौदाही बरोबर!!! "सरस!" म्हणाले. मी चूक कुणी पकडली ते सांगितलं. "कोण, पेली वजनवाळी?" — ती वजन करणारी, एवढंच! — आणि निघून गेले. आनंदात मिठाचा खडा.

९ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत रंजनाताई आल्या. हातात फ्लॉपी.

"पाच हजारवर तू आहेस. मग माझा प्रोग्राम पाच हजार एकवर ठेवू का?"