पसरलेला थेंब

३ मार्च, सोमवार
परीक्षा सुरू झाली! लघवीच्या नळीच्या सिलिकॉनचे बारा तुकडे. आधी जांभळ्या उजेडाच्या पेटीत, म्हणजे प्लाझ्मात, मग अतिनील दिव्याखाली. सिलिकॉनला पाण्याचं वावडं. कोऱ्या तुकड्यावर थेंब मण्यासारखा टम्म बसतो. थेंबाची कड तुकड्याशी करते तो कोन एकशे आठ अंश. तयार तुकड्यावर टाकला की अंग सोडून पसरतो. कोन अकरा.
पण हा गुण टिकत नाही, तेच दुखणं. आतला तेलकट अंश हळूहळू वर येतो आणि तुकडा पुन्हा मूळ पदावर. तीन आठवडे कोन तिसाच्या आत राहिला, तर नळ्या दवाखान्यात जातील. चार रुग्ण तयार आहेत.
रोज थेंब टाकून कोन मोजायचं काम माझं.

५ मार्च
कोन बारा. छोटी म्हणाली, "काकू, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर." छोटी म्हणजे या प्रयोगशाळेतली संशोधक, माझ्या मुलीच्या वयाची. म्हटलं, "चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलाय बाई, तू अजून बटण लावायला शिक." खूप हसली.

८ मार्च, शनिवार
यांना अकरा महिने नळी होती. दर तीन आठवड्यांनी बदलायची. कोरडी नळी आत जाताना खरवडायची. हे ओरडायचे नाहीत, फक्त माझं मनगट धरायचे. वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचे. ते वळ गेले तेव्हा वाईट वाटलं, हे कोणाला सांगणार?

१३ मार्च
कोन तेरा. बाराच्या बारा तुकडे!

१७ मार्च, सोमवार
शब्दकोश मांडीवर घेऊन छोटीने दिलेला लेख वाचला. चार दिवस लागले. त्यात अशाच तुकड्यांचा दहाव्या दिवशी कोन सत्तरच्या वर. आमचा चौदा! छोटीला विचारलं, असं कसं? "आपला दिवा चांगला आहे, काकू," म्हणाली आणि हातमोजे काढत राहिली. एक मोजा काढायला केवढा वेळ!

२१ मार्च
साहेब स्वतः खाली आले. "बाई, तुमच्या पायगुणाने झालं बरं का!" सोमवारी शेवटची मोजणी, शुक्रवारी दवाखान्याला पत्र. यांच्या फोटोपुढे बसून आकडे वाचून दाखवले. वेडीच आहे मी.

२४ मार्च, सोमवार
शेवटची मोजणी झाली. तयार तुकड्यांचा डबा बंद करून ठेवला. सिरिंजमध्ये थोडं पाणी उरलं होतं. शेजारी कोरा तुकडा पडलेला. सहज थेंब टाकला — मणी बघायला आवडतो म्हणून.
पसरला!
पुन्हा टाकला. पसरला. कोऱ्या सिलिकॉनवर, ज्याला कोणी हात लावलेला नाही त्यावर!
मग डोक्यात प्रकाश पडला. सिरिंज नुसत्या शुद्ध पाण्याने धुवायची असा नियम. पण नुसत्या पाण्याने विसळून ठेवणं माझ्या हाताला जमतच नाही. पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी भांड्याच्या साबणाने धुतेय. साबणाचा अंश आत राहिला. साबणाचं पाणी कुठेही पसरणारच. आणि कोरा तुकडा आम्ही पहिल्या दिवसानंतर मोजलाच नाही.
नवी सिरिंज पाकिटातून काढली. तयार तुकड्यांवर कोन — ७१, ७४, ६९. पुढचे मोजले नाहीत.
तीन आठवडे मी साबण मोजला.

२५ मार्च
रात्रभर एकच विचार: गप्प राहिले तर कोणाला कळणार? माझं काम वर्षाच्या कराराचं. पुढच्या महिन्यात करार नवा करायचाय.
सकाळी छोटीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक. "काकू, रडू नका. साहेबांना मी सांगते." मी रडत नव्हते. तीच रडत होती.

२६ मार्च
काही हालचाल नाही. साहेब जिन्यात भेटले, हसले. छोटी दिवसभर पेटीच्या खोलीत, आतून कडी.
शुक्रवार दोन दिवसांवर. ते चार जण कोण असतील? कोणाचं मनगट त्यांच्या हाताशी असेल?

२७ मार्च, गुरुवार
दुपारी जेवण न करताच साहेबांकडे गेले. बसा म्हणाले, बसले नाही. सिरिंज, साबण, कोरा तुकडा, एकाहत्तर, सगळं एका दमात. चूक माझी आहे, म्हटलं, काढायचं तर काढा, पण पत्र थांबवा.
साहेब शांतपणे चष्मा पुसत होते. "माहीत आहे मला. छोटीने बारा तारखेलाच सांगितलं. तिनेही कोरा तुकडा मोजला होता."
"मग मला थांबवलं का नाही?"
"आकडे चांगले येत होते, बाई."
"आणि पत्र?"
"ते कालच गेलं. मोजणी तुमच्या सहीची आहे."

२७ मार्च, संध्याकाळ
दवाखान्याचा पत्ता मला पाठ आहे, यांना तिथेच नेत होते. पाकिटावर लिहिला. आत सगळं खरं लिहिलेली दोन पानं आणि कोरा तुकडा. सही माझीच.