भुंगेऱ्याच्या पाठीवरची टिकली

८ जुलै
वेंडलनं परत फेकले माझे भुंगेरे! थेट नाश्त्याच्या टेबलावर, स्क्रॅपलच्या तळलेल्या वड्यांच्या बशीशेजारी. "पाण्यावर दिसतच नाहीत गं. टिकली मोठी लाव."

लग्न झाल्यापासून त्याच्या गळावरच्या नकली माश्या-भुंगेरे मीच बांधतेय. वर काळा फोम, पोटाला मोरपीस, पाठीवर नारिंगी टिकली. ट्राउट मासा खालून बघतो, त्याला नुसतं काळं पोट दिसतं. टिकली असते माणसासाठी, भुंगेरा पाण्यावर कुठे तरंगतोय ते कळायला! इतकी वर्षं दिसली, आता कुठे माशी शिंकली? स्वतःला नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं!

११ जुलै
पिवळी लावली. "दिसत नाही."

१४ जुलै
गुलाबी लावली, भली मोठी. भुंगेरा कसला, लग्नाचा केक! ओढ्यावर त्याचा मासेमारीतला दोस्त अर्विन खो-खो हसला — "वेंडल, पुढच्या वेळी घंटाच बांधून आण रे!" तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "अर्लीनचा हात गेला आता." माझा हात! मी शेजारी उभी होते. रात्री ताट आपटूनच वाढलं. तो मजेत जेवला, त्याचा जास्तच राग आला.

१९ जुलै
संध्याकाळी पाण्यावर पांढऱ्या माश्यांचे थवे. सगळ्यांनी तशाच नाजूक माश्या लावल्या. हा मात्र भुंगेराच! टप्पकन पाण्यावर आपटायचा आणि मान कलती करून कानोसा घेत उभा राहायचा.

"अरे, आज ट्राउट पांढऱ्या खातायत!"

"मला शिकवू नकोस."

नाही शिकवत. मर!

२१ जुलै, सकाळ
आज टिकली लावलीच नाही. मुद्दाम. नुसतं काळं. डबी हातात दिली, म्हटलं घे, नवीन रंग आहे. मी काही जाणार नाही बरोबर. येऊ दे चरफडत!

२१ जुलै, दुपार
दारातूनच ओरडत आला. मोठा ट्राउट लागला, सोडून दिला, अर्विनला विचार म्हणे. "आणि अर्लीन, टिकली म्हणतात ती ही! शेवटपर्यंत लख्ख दिसत होती!"

टिकली नव्हतीच. त्याला दिसत नाहीये — आणि मला सांगत नाहीये.

"हाच रंग ठेव," म्हणाला.

ठेवते, म्हटलं.