पहिला ‘नको’

२८ जानेवारी, मंगळवार

ठरलं. आम्ही पुण्याला जाणार. अजून कोणी बोलावलेलं नाही, पण माझ्यापुरतं ठरलं.

शुक्रवारी हे भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होतात. मग क्वार्टर सोडायचं. पुढे कुठे, हा विषय घरात कोणी काढत नाही. गावाला लहानूभाऊजींच्या घरात मागची एक खोली आहे, तिथे माझं आयुष्य काढायचं? नाही म्हणजे नाही! मला नातीजवळ राहायचंय. उत्कर्षा तीन वर्षांची झाली आणि मला ‘फोनवाली आजी’ म्हणते.

प्रवीण परवा येतोय. एकटाच. सुनेला, मोनाला सुट्टी नाही. बापाला निरोप द्यायला येतोय म्हणजे पुढचंही बोलेलच. यांना विचारलं, तुमच्या मनात काय आहे? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘बलावन तं जाऊ.’’

म्हणजे जायचंय. बत्तीस वर्षं संसार केला, एवढं कळतं मला.

३० जानेवारी

प्रवीण आला. वाळलाय. शनिवारी आम्हाला हायवेवरच्या त्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेणार. कुम्हारीकडे जाताना बसमधून दरवेळी दिसतं — काचांचं, दाराशी फेटेवाला दरवान. आत काय खातात देव जाणे, असं आम्ही दोघं नेहमी म्हणायचो. आता कळेल.

प्रवीण आंघोळीला गेल्यावर यांना बजावलं — तिथे तो पुण्याचा विषय काढेल. पहिल्या झटक्यात हो म्हणायचं. ‘नको’, ‘कशाला’ असलं काही नाही. तर म्हणाले, लगेच हो म्हटलं की माणूस हावरट दिसतो. पोटच्या पोरासमोर कसला हावरट? हे चपला घालून बाहेर गेले.

३१ जानेवारी

झाले रिटायर. हारांचा ढीग कोपऱ्यात पडलाय. जेवून झालं तरी यांनी गणवेश काढला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काल जाऊन आलो. डोकं अजून तापलेलं आहे, पण सगळं लिहून काढते.

आत इतका अंधार की ताटात काय आहे ते हाताने चाचपावं लागावं. आणि ताट केवढं! परातीएवढं. मधोमध पनीरचे चार तुकडे, बाजूला हिरव्या चटणीचा फराटा. भोपळ्याचं सूप आलं. मी घरी भोपळा केला की प्रवीण नाक मुरडायचा, इथे वा वा करत प्यायला.

वाढणारा पोरगा हातमोजे घालून, वाकून बोलणारा. यांच्याजवळ आला. ‘‘सर, थोड़ा और?’’ हे सवयीने म्हणाले, ‘‘नहीं, बस.’’ आणि तो भांडं घेऊन चालता झाला! सरळ निघून गेला! यांचे डोळे त्या भांड्यामागे पार दुसऱ्या टेबलापर्यंत गेले.

आमच्याकडे पंगतीत पहिला ‘नको’ कोणी मोजत नाही. ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वरण सोडतो. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘थोडंच’ म्हणायचं, तिसऱ्यांदा गुपचूप घ्यायचं. एकदाच विचारून निघून जाणाऱ्याला आमच्यात कंजूस म्हणतात. हे त्या पोराला कोण सांगणार? आमटी गेली, भात गेला, कोफ्ते गेले. सगळं आमच्यासमोरून वरातीसारखं निघून गेलं. आणि मी स्वतः? यांना शहाणपण शिकवून गेले होते ना? पोळी आली तेव्हा माझ्याही तोंडून ‘नको’च निघालं. अर्ध्या पोळीवर उठले.

पण माझं डोकं त्यासाठी तापलेलं नाही.

शेवटी प्रवीणने विषय काढला. पाण्याचा ग्लास फिरवत होता. ‘‘बाबा, आता पुण्याले येऊन राहा ना आमच्याजवळ.’’

मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला. आणि यांनी काय बोलावं — ‘‘नको रे. तुमाले कायले तरास?’’

मी वाट पाहिली. आता प्रवीण म्हणेल, त्रास कसला बाबा. आता म्हणेल, आईला विचारा. माझ्या तोंडात काहीतरी बर्फाचं गोड होतं, ते गिळून मी बोलणारच होते.

‘‘ठीक आहे, जशी तुमची मर्जी,’’ म्हणाला आणि त्या पोराला बिल आणायला सांगितलं.

संपलं. एवढ्यात संपलं! घरी आल्यावर हे म्हणाले, थोडा भात टाकतेस का. टाकला. प्रवीण झोपायला गेला होता. आम्ही दोघांनी ओट्याशी उभ्यानेच वरण-भात खाल्ला. भांडायची इच्छा होती, पण भुकेल्या माणसाशी काय भांडणार!

३ फेब्रुवारी

प्रवीणला गाडीत बसवून दिलं. दुर्ग स्टेशनवर त्याने वाकून पाया पडताना पुण्याचा शब्द काढला नाही. मीही नाही. आजूबाजूला गर्दी होती, ही सबब.

५ फेब्रुवारी, बुधवार

यांचं काय चाललंय! माळ्यावरून मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवली. शेजारच्या नीतूला सांगून आले की पोरगा पुण्याला बोलावतोय, उत्कर्षाला बागेत कोण नेणार. आज मला विचारतात, तिकडे थंडी फार असते का गं?

मी म्हटलं, अहो, तुम्ही तर नाही म्हणून बसलात!

‘‘म्हनलं ना. पन तो पुन्हा विचारन.’’

फोन चार्जिंगला लावून शेजारीच बसतात. वाजला की माझ्याआधी उचलतात. आज दोनदा कंपनीवाल्यांचा निघाला. मला रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून बरं.

७ फेब्रुवारी

नाही आला फोन.

९ फेब्रुवारी, रविवार

बस झालं. मीच फोन करणार. काल यांना तसं सांगितलं तर केवढे चिडले. ‘‘असं तोंडानं मागते का कोनी? पोराच्या घरी?’’ मागतं! मी मागते! लाज वाटायची ती एकदाच वाटेल. आज हे बाजारात गेले आणि मी फोन लावला.

आडवळणाने बोललेच नाही. म्हटलं, बाबू, तुझे बाबा नको म्हणाले ते म्हणायचं म्हणून. आम्हाला यायचंय. दोघांनाही.

मग म्हणाला, आई, दोन खोल्या आहेत. मोना एका खोलीत दिवसभर काम करते. उत्कर्षाही आता तिच्याजवळ झोपत नाही, हॉलमध्ये माझ्याजवळ झोपते. माझं आणि मोनाचंच कसंतरी चाललंय.

मी म्हटलं, मग विचारलंस कशाला?

मग हिंदीत सुरू झाला, लहानपणी चोरी पकडली की व्हायचा तसा. ‘‘सच बोलूं आई? पूछना तो था. न पूछता तो बुरा लगता.’’ मग हळूच मराठीत, ‘‘बाबा पहिल्यांदा नाहीच म्हनतात, मले माहीत होतं. म्हनून एकदाच विचारलं.’’

माझ्याच पंगतीत वाढलेला पोरगा. त्याला काय माहीत नसणार! राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं — खूप. येऊ नका हे बोलता येईना म्हणून बिचाऱ्याने एवढं मोठं हॉटेल शोधलं. म्हटलं, जेवत जा वेळेवर, आणि फोन ठेवला.

हे आले. मेथीची जुडी हातात. पहिला प्रश्न, ‘‘कोनाचा फोन होता का?’’

नाही म्हटलं.

१० फेब्रुवारी

सकाळी यांना सांगितलं — मी ठरवलंय, मला भिलाई सोडायची नाही. इथेच खुर्सीपारला नीतूच्या ओळखीत दोन खोल्या भाड्याने आहेत, आजच पाहून येते. पुण्यात माझा जीव रमणार नाही.

हे म्हणाले, बघ बरं, नात आहे तिथं. मी नको म्हटलं. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं, नको म्हटलं. दाराशी चपला घालताना आणखी एकदा — मी मान फिरवून घेतली आणि म्हटलं, नको.